मुलगा पिचर होणार आहे: मायनर लीगचा रस्ता आतून कसा दिसतो

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका मराठी आईचा १८ वर्षांचा मुलगा बेसबॉलमध्ये डावखुरा पिचर आहे, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. हायस्कूल आत्ताच संपलंय. मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची लीग; तिथल्या एका क्लबच्या स्काउटचा, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याचा, फोन आला: जुलैच्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) १० व्या फेरीनंतर आम्ही त्याला निवडलं आणि दीड लाख डॉलर दिले, तर तो सही करेल का? दुसरीकडे एका चांगल्या कॉलेजची स्कॉलरशिप आहे. आई विचारते, 'मेजर लीगला पोचायला किती वर्षं लागतात, मधल्या वर्षांत या मुलांचं नक्की काय होतं, आणि आपल्या माणसांपैकी कुणी या रस्त्याने गेलंय का?'

ताई, मी मूळची सांगलीची. पुण्यात फिजिओथेरपी शिकले, इथे येऊन अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स केलं आणि गेले १४ सीझन मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या तयारीच्या लीगच्या, टीमबरोबर फिरते आहे. पिचिंग मी शिकवत नाही. पण पिचरचा खांदा आणि कोपर रोज माझ्या हाताखालून जातं, आणि टेबलावर आडवी झाल्यावर ही मुलं कोचला सांगत नाहीत ते बोलतात. तेव्हा हे उत्तर त्या टेबलापाशी उभं राहून दिलेलं आहे असं समजा.

आधी रस्ता सांगते. प्रत्येक मेजर लीग क्लबच्या हाताखाली चार टीम असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. ३० क्लब, म्हणून १२० टीम. २०२१ मध्ये सगळी रचना बदलली तेव्हापासून हा आकडा आहे, आधी टीम बऱ्याच जास्त होत्या. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात कॉम्प्लेक्स लीग चालते. तुमचा मुलगा सही केल्यावर पहिल्यांदा तिथेच जाईल. तिथे तिकीट नसतं, गर्दी नसते. जाळीमागे चार स्काउट, कुणाचे तरी आईवडील, आणि जीव नकोसा करणारं ऊन. हायस्कूलमधून आलेल्या पिचरला बहुतेक क्लब त्या उन्हाळ्यात सामन्यात उतरवतच नाहीत, कारण शाळेच्या सीझनने हात आधीच दमलेला असतो. पहिले दोन-तीन महिने तो वजन उचलायला शिकतो, वेळेवर झोपायला आणि पोटभर नीट जेवायला शिकतो. घरचे फोनवर विचारत राहतात, 'अरे, खेळवत का नाहीत तुला?' ताई, खेळवत नाहीत हे चांगलं लक्षण आहे. त्यावरून त्याला टोकू नका.

किती वर्षं, याचं माझ्या डोळ्यांसमोरच्या मुलांवरून सांगते: हायस्कूलमधून आलेल्याला सगळं सुरळीत गेलं तर चार ते सहा, कॉलेजमधून आलेल्याला दोन ते चार. सगळं सुरळीत गेलेला पिचर मात्र मी क्वचितच पाहिलाय. आणि बहुतेक जण पोचत नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवते.

लोकांना वाटतं हा रस्ता म्हणजे जिना आहे: चांगलं खेळा, वरच्या पायरीवर जा. हा रस्ता खरा घडतो तो दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत, आणि तो भाग टीव्हीवर कधीच दिसत नाही. २०२१ पासून मायनर लीगमध्ये एकाच टीमशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी किंवा प्रवास. स्टार्टर पिचर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून टाकणारे, बहुधा सहा असतात, म्हणजे प्रत्येकाचा वार ठरलेला. आमच्यात 'गुरुवारवाला' म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं. गुरुवारवाला आठवड्यातून एकदा, सुरुवातीला तीन-चार इनिंग (बेसबॉलचे छोटे डाव) टाकणार. उरलेले दिवस काय करतो? दुसऱ्या दिवशी हलकं पळणं, पायांचा व्यायाम, माझ्याकडे खांद्याची हालचाल मोजणं. तिसऱ्या दिवशी साधी फेकाफेक. मग एक दिवस बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, पंचवीस-तीस चेंडू, शेजारी कॅमेरे आणि रडार, प्रत्येक चेंडू किती फिरला, हातातून कुठे सुटला, सगळं स्क्रीनवर. एक दिवस डगआउटमध्ये (टीमच्या बाकावर) बसून दुसऱ्याच्या चेंडूंची नोंद. हे एप्रिल ते सप्टेंबर. सिंगल-ए मध्ये टीमचे १३२ सामने, डबल-ए मध्ये १३८, ट्रिपल-ए मध्ये १५०. जो मुलगा हे मधले दिवस कंटाळा न करता जगतो तो वर सरकतो. मी ताशी ९८ मैलांचा वेग असलेली पोरं घरी परतताना पाहिली आहेत आणि ९१ वाली ट्रिपल-ए पर्यंत गेलेली पाहिली आहेत, आणि फरक बहुतेक वेळा या मधल्या दिवसांतच होता.

आता दुखापतीबद्दल, कारण तुम्ही ती विचारली नाहीत आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

चेंडू सुटताना पिचरचा दंड खांद्यात आतल्या बाजूला ज्या वेगाने फिरतो तो सेकंदाला साधारण ७,००० अंश इतका असतो. माणसाच्या शरीराच्या मोजलेल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. त्याच्या क्षणभर आधी कोपराच्या आतल्या बाजूवर प्रचंड ताण येतो, आणि तो सांभाळायला एक छोटासा लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) आहे. व्यायामाने स्नायू जसा वाढतो तसा हा वाढवता येत नाही. तो फाटला की जी शस्त्रक्रिया करतात तिला टॉमी जॉन म्हणतात. लॉस एंजेलिस डॉजर्सचा टॉमी जॉन तुमच्या मुलासारखाच डावखुरा होता. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला. हे आधी कुणी केलेलं नव्हतं. तो १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. कुठला टेंडन, ते आत्ता बघा: अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध जी दोरी वर येते, तीच. काही जणांना ती जन्मतःच नसते, मग पायातून टेंडन घेतात. परत पूर्ण जोराने टाकायला बारा ते अठरा महिने लागतात.

एक मुलगा होता, उजव्या हाताने टाकणारा, विशीतला, सिंगल-ए मध्ये. रोज सकाळी मी विचारायची, 'हात कसा आहे?' तो म्हणायचा, 'मस्त.' खांद्याची मापं ठीक होती, वेग ठीक होता. एकदा रात्रभराचा प्रवास करून पहाटे चारच्या सुमाराला बस पेट्रोल पंपावर थांबली. सगळे पेंगुळलेले. तो माझ्यासमोरच्या बाकावर बसला, पाण्याची बाटली उजव्या हातात धरली आणि टोपण डाव्या हाताने फिरवायला लागला. जमेना. पुन्हा प्रयत्न. मग बाटली गुडघ्यांत दाबली आणि डाव्यानेच उघडली. उजव्या हाताचा माणूस झोपेत असं करत नाही. सकाळी त्याला टेबलावर घेतलं, कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं, आणि त्याचा पाय टेबलावरून उडाला. तीन आठवडे दुखत होतं. तीन आठवडे तो रोज मला 'मस्त' म्हणत होता. त्याच्या जागी दुसरा कुणी येईल ही भीती, दुसरं काही नाही. मलाही ते तीन आठवडे दिसलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी 'हात कसा आहे' हा प्रश्नच सोडला. आता मुलांना बाटली उघडायला देते, दाराची मूठ फिरवायला लावते, दात कुठल्या हाताने घासलेस ते विचारते.

ही भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. २०२४ पासून एका क्लबला सीझनमध्ये अमेरिकेतल्या मायनर लीगसाठी १६५ च खेळाडू ठेवता येतात, आधी १८० होते. दर जुलैला ड्राफ्टच्या २० फेऱ्यांमधून नवी मुलं येतात. एक आला की एक जातो. क्लबने ज्याला तीस लाख दिलेत तो दोन सीझन वाईट खेळला तरी त्याला तिसरा मिळतो. दीड लाखवाल्याला तेवढा धीर मिळत नाही. हे कुणी लिहून देत नाही, पण मी डोळ्यांनी बघते.

नुसता वेग कामाला येत नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे स्टीव्ह डाल्कोव्स्की. १९५७ ते १९६५ तो मायनर लीगमध्ये होता, बाल्टिमोर ओरिओल्सच्या टीममध्ये मुख्यतः. त्याच्याइतक्या वेगाने टाकणारा पाहिलाच नाही असं जुने लोक सांगायचे. १९६० मध्ये स्टॉकटनला त्याने १७० इनिंगमध्ये २६२ बॅटर बाद केले आणि २६२ जणांना वॉक दिले, म्हणजे चेंडू भरकटल्यामुळे फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. दोन्ही आकडे सारखे. १९६३ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सराव शिबिरात) तो अखेर मेजर लीगच्या टीममध्ये शिरण्याच्या बेतात होता आणि कोपर गेलं. डॉ. जोब यांची शस्त्रक्रिया यायला अजून अकरा वर्षं होती. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

उलटं उदाहरण आर. ए. डिकीचं. १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला पहिल्या फेरीत घेतलं, ८,१०,००० डॉलर ठरले. मग क्लबच्या ट्रेनरला एका मासिकातल्या फोटोत त्याचा हात जरा विचित्र लोंबतोय असं वाटलं. तपासलं, तर कोपरात तो लिगामेंटच नाही! रक्कम ७५,००० वर आली. तो पुढे वर्षानुवर्षं मायनर आणि मेजरच्या मध्ये हेलपाटे घालत राहिला, तिशीला आल्यावर नकलबॉल (जवळजवळ न फिरता डगमगत जाणारा संथ चेंडू) शिकला, आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार मिळवला. जेकब डिग्रॉमही तसाच: २०१० मध्ये नवव्या फेरीत निवडलेला, कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप (पिचर नव्हे, क्षेत्ररक्षक), त्याच वर्षी टॉमी जॉन शस्त्रक्रिया, मेजर लीगमध्ये पहिला सामना मे २०१४ मध्ये. म्हणजे ड्राफ्टच्या दिवशीचा अंदाज चुकतो, दोन्ही बाजूंनी चुकतो.

पायरीगणिक काय बदलतं? सिंगल-ए मध्ये बॅटर वाईट चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे जोरदार फास्टबॉल आणि एक बरा स्लायडर (शेवटी आडवा वळणारा चेंडू) यावर निभतं. डबल-ए ला ते थांबतं. माझ्या मते खरी भिंत तीच आहे. तिथला बॅटर स्ट्राइक झोनबाहेरचा, म्हणजे मारण्याच्या ठरलेल्या चौकटीबाहेरचा, चेंडू सोडून देतो आणि तिसऱ्या प्रकारचा चेंडू, बहुधा चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण संथ), नसला तर पिचर तिसऱ्या-चौथ्या इनिंगला उघडा पडतो. ट्रिपल-ए ची अडचण वेगळीच. तिथे २०१९ पासून मेजर लीगचाच चेंडू वापरतात आणि त्याची शिवण खालच्या लीगमधल्या चेंडूपेक्षा बसकी लागते. बोटांना सवय व्हायला महिना जातो. त्यात टीम पश्चिमेकडे असली तर अल्बुकर्की, रीनो, सॉल्ट लेकचा परिसर. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० मीटर उंच. हवा विरळ, चेंडू कमी वळतो आणि मारलेला लांब जातो. डबल-ए मध्ये हुकमी असलेला कर्व्हबॉल तिथे सरळ जातो आणि पोरगा येऊन मला विचारतो, 'माझ्या मनगटात काही बिघडलंय का?' काही बिघडलेलं नसतं. त्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं असतं, एवढंच.

आपल्या माणसांचं विचारलंत म्हणून. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने नोव्हेंबर २००८ मध्ये करारबद्ध केलं. दोघंही भालाफेकीतून आलेले, बेसबॉल आधी बघितलेलंसुद्धा नाही. मला याचं नवल वाटत नाही. क्रिकेटचा बॉलर कोपर सरळ ठेवून टाकतो, पिचर कोपर वाकवून झटका देतो. भाला त्याला जास्त जवळचा. पटेल दोन सीझननंतर परतला. रिंकू, तोही डावखुरा, वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए टीमपर्यंत पोचला आणि मग कोपराच्या दुखापतीत त्याची वर्षं गेली. पुढे तो कुस्तीच्या व्यवसायात गेला. आणि कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची: २०२१ मध्ये मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, ६० लाख ठरले, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच झाला नाही. त्याने एक उन्हाळा स्वतंत्र फ्रंटियर लीगमध्ये काढला, २०२२ मध्ये रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, मे २०२३ मध्ये टॉमी जॉन, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मेजर लीगच्या माउंडवर (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर). इतक्या गुणी मुलाचाही रस्ता असा वळणावळणाचा.

पैशांचं पूर्वी फार वाईट होतं. मी सुरुवात केली तेव्हा एका फ्लॅटमध्ये सहा-सहा मुलं हवा भरायच्या गाद्यांवर झोपायची आणि ब्रेडला पीनट बटर लावून जेवायची. आणि मी त्यांना स्नायू कमवा म्हणून सांगायची! २०२२ पासून क्लब राहायला जागा देतात. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू युनियनमध्ये आले आणि २०२३ च्या पहिल्या करारात वर्षाचा किमान पगार सिंगल-ए ला ११,००० वरून २६,२०० डॉलर झाला, डबल-ए ला ३०,२५०, ट्रिपल-ए ला ३५,८००. जगता येतं, शिल्लक पडत नाही. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये ७,६०,००० होता. मधल्या एका पायरीची ही दरी आहे, आणि ट्रिपल-ए च्या क्लबहाउसमध्ये ती हवेत जाणवते.

आता रिलीजचा दिवस, म्हणजे क्लब मुलाला काढून टाकतो तो. बहुतेक वेळा मार्चअखेर, स्प्रिंग ट्रेनिंग संपताना. पहाटे क्लबहाउसच्या दाराशी एक कोच उभा असतो आणि काही जणांना हळूच सांगतो, 'आधी ऑफिसमध्ये जाऊन ये.' इतर मुलं बुटांच्या नाड्या बांधत राहतात, वर बघत नाहीत. ऑफिसमधून निघाल्यावर त्या मुलाला माझ्याकडे यावंच लागतं, कारण जाण्याआधी त्याची शेवटची तपासणी करून कागदावर सही घ्यायची असते. दंड उचल, ढकल, मूठ आवळ. चार वर्षं ज्या खांद्याचा एकेक अंश मी मोजलेला असतो, तो मी शेवटचा हातात घेते. कुणी रडतं, कुणी माझ्या मुलीची चौकशी करतं. त्या बाटलीवाल्या मुलाची तपासणीही मीच केली. शस्त्रक्रियेनंतर तो परतला होता, डबल-ए पर्यंत दीड सीझन खेळला. आता तो एका शाळेत गणित शिकवतो आणि तिथल्या टीमचा पिचिंग कोच आहे.

आता तुमचा निर्णय. दीड लाख डॉलरसाठी, चांगल्या कॉलेजची स्कॉलरशिप हातात असताना, मी माझ्या भाच्याला १८ व्या वर्षी पाठवणार नाही. त्यातून कर जातो, एजंटचा हिस्सा जातो. चार वर्षांच्या कॉलेजला गेला तर तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ वर्षांचा झाल्यावर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येऊ शकतो, शरीर भरलेलं असतं, आणि पदवी बरीचशी झालेली असते. पण एक अट. काही कॉलेजांचे कोच स्पर्धा जिंकायला चांगल्या पिचरला दोन दिवसांच्या अंतराने पुन्हा उतरवतात. तिथल्या मागच्या तीन वर्षांच्या पिचरना किती विश्रांती मिळाली आणि किती जणांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, हे कोचला तोंडावर विचारा. उत्तर द्यायला तो कचरला, तर मग क्लब बरा. हाताची काळजी क्लब जास्त शिस्तीने घेतो.

आणि मुलगा जाणारच म्हणत असेल, तर स्काउटला एवढं विचारा: पहिल्या वर्षी किती इनिंगचा बेत आहे, स्टार्टर म्हणून बघताय की रिलीव्हर (मध्येच येऊन थोडा वेळ टाकणारा) म्हणून, हिवाळ्यात त्याचा कार्यक्रम कोण बघणार. पुढे कॉलेजचा खर्च क्लब देईल हे करारात लिहून घ्या, वर्षाला किती आणि किती वर्षं, आकड्यासकट. त्याची मुदत असते, खेळ सोडल्यावर फार थांबता येत नाही. सही करण्याआधीच्या कोपराच्या एमआरआयची प्रत स्वतःकडे ठेवा.

तो सप्टेंबरअखेर घरी येईल तेव्हा खूप जेवेल आणि खूप झोपेल, ते होऊ द्या. हात कसा आहे असं विचारलंत तर 'मस्त' म्हणेल. त्यापेक्षा ताटं मांडताना लोणच्याची घट्ट बसलेली बरणी त्याच्यापुढे सरकवा आणि टोपण डाव्या हाताने फिरवतो का ते बघा. उजव्याने फिरवलं, तर जेवण होऊ द्या आणि मग शेजारी बसून त्याच्या ट्रेनरला फोन लावायला सांगा.